डूख धरलेला फळा

मी एक जुना फळा आहे, आणि मी डूख धरून आहे. मित्रांनो, हे आधीच सांगितलेले बरे. फाटकी छत्री, गंजलेली सायकल, रद्दीतले पुस्तक यांची आत्मवृत्ते तुम्ही वाचली असतील. ती मंडळी फार सोशिक. मालकाने उकिरड्यावर फेकले तरी शेवटी त्याचे भलेच चिंतणारी. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. ज्याने मला आणि माझ्या माणसाला छळले, त्याचे मी उट्टे काढले, आणि मला त्याचा अजून पश्चात्ताप झालेला नाही.

माझा जन्म बास्केटबॉलच्या कोर्टातून झाला. एका क्लबच्या कोर्टाची लाकडी जमीन उखडून नवी घालत होते. निघालेल्यांपैकी चार बऱ्या फळ्या क्लबच्या सुताराने बाजूला काढल्या, जोडल्या, त्यांवर रंधा मारला आणि पंधरा खुंट्या बसवल्या. वरची पाचांची रांग खेळायला उतरणाऱ्यांची, मधली राखीव खेळाडूंची, आणि खालची जे अजून पक्के झाले नाहीत त्यांची. माझ्या कडेला कोर्टाच्या पांढऱ्या रेषेचा तुकडा आजही दिसतो. म्हणजे किती जणांनी मला पायाखाली तुडवले असेल बघा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. खेळणाऱ्याच्या पायाचा मार मला समजतो.

मला भिंतीवर चढवताना सुताराने एक गोष्ट बजावली होती. "खुंट्या नुसत्या भोकात बसवल्यात, खिळा मारलेला नाही. लाकूड सुकलं की सैल होतील. वर्षातून एकदा भोकांत तेलाचं बोट फिरवा, मग हा फळा तुमच्या नातवंडांनाही पुरेल."

हे ऐकून घेणारी होती आत्या. क्लबचा पहिला कप्तान तिचा भाचा. तो आत्या म्हणे म्हणून सगळा संघ म्हणू लागला, मग शिपाई, मग समोरच्या संघाचे लोकसुद्धा. सामन्याच्या टेबलाशी बसून गुण लिहिणे हे तिचे काम. वीस वर्षे गुण लिहिता लिहिता तिची नजर तयार झाली होती. सुटीच्या दिवशी ती शाळांच्या, कारखान्यांच्या, गल्लीतल्या सामन्यांना जाऊन बसे. कुणी मनात भरला की त्याच्या नावाची लाकडी पाटी करी आणि माझ्या खालच्या खुंटीला अडकवी.

पाटीच्या पुढच्या बाजूला नाव. मागच्या बाजूला पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरांत, तिचा निकाल. आधी दोष, मग गुण, मग तारीख आणि सही. "ज्याचा दोष मला सांगता येत नाही, त्याला मी नीट पाहिलेलंच नाही," असे ती म्हणे. कुणाला खेळवावे यावरून कितीही हमरीतुमरी झाली, तरी कुणीतरी म्हणायचे, "पाटी उलटा!" पाटी उलटली की आवाज खाली येत. तेव्हाचे व्यवस्थापक म्हातारे आणि शहाणे होते. आपल्याला यातले कळत नाही हे त्यांना कळत होते, म्हणून ते आत्याच्या पाट्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवत.

माझे ते सुखाचे दिवस. आत्या दर वर्षी मला तेल द्यायची, फडक्याने पुसायची, आणि हरलेल्या सामन्यानंतर माझ्यासमोर उभी राहून मला चार शिव्याही द्यायची. घरच्या माणसाच्या शिव्या लागत नाहीत. तिने शोधलेला 'शिडी' उंच पण भित्रा होता. 'घुम्या' तर सगळ्यांत बुटका, आणि दिवसात तीन शब्द बोलला तरी डोक्यावरून पाणी. असली माणसे घेऊन आमचा तळाचा संघ हळूहळू वर सरकू लागला.

आणि मग, वारूळ तयार झाल्यावर नागोबा आला. म्हाताऱ्या व्यवस्थापकांनंतर त्या खुर्चीत अध्यक्षांचे जावई बसले. सगळे त्यांना साहेब म्हणत. त्यांच्या हातात पितळी टोकाची एक काठी असे. पाटीला ते कधी हात लावत नसत. "हा वर, तो खाली," असे म्हणत ते काठीने मला टोचत, आणि पाट्या दुसरे कुणीतरी हलवी. पुढे सांगणार आहे त्या सकाळपर्यंत माझ्या अंगावर एकशे बारा खळगे पडले होते. प्रत्येक माझ्या लक्षात आहे.

तीन महिन्यांत त्यांनी आत्याची उचलबांगडी केली. "आत्या, आता सगळं संगणकावर असतं. तुम्ही दमलात. सामानखोली सांभाळा, तिथे बसून काम आहे." खेळाडूंचे कपडे मोजायचे आणि चेंडूंत हवा भरायची, हे ते काम. आत्या माझ्यासमोर क्षणभर उभी राहिली, खिशात पेन्सिल आहे ना हे चाचपले आणि गेली. माझे पित्त खवळले ते तेव्हा.

पुढे तीन वर्षे मला तेल मिळाले नाही. लाकूड सुकले, खुंट्या सैल झाल्या. आणि नेमक्या त्याच वर्षांत आमचा संघ जिंकू लागला, कारण आत्याने लावलेली झाडे आता फळांवर आली होती. फळे मात्र साहेबांच्या टोपलीत. वर्तमानपत्रांत 'पारखी नजर' म्हणून त्यांचे फोटो. तिसऱ्या वर्षी विजेतेपद मिळाले, आणि पाठोपाठ बातमी आली की 'सर्वोत्तम संघबांधणी'च्या सन्मानासाठी आमच्या साहेबांचा विचार होतो आहे. ज्याला हा सन्मान मिळतो त्याचे नाव मोठ्या क्रीडागृहाच्या दर्शनी भिंतीवर पितळेत बसवतात. ते कुणी पुसू शकत नाही. पुढची शंभर वर्षे लोक वाचणार की हा संघ साहेबांनी बांधला, आणि आत्या हवा भरत मरणार. माझा जीव त्या एका गोष्टीसाठी तुटत होता.

निवड समिती क्लबात येणार म्हणून साहेबांनी रंगारी बोलावला. पाट्या लाल आणि नावे सोनेरी करायची होती. रंगाऱ्याने विचारले, "काढून दोन्ही बाजूंनी रंगवू का?"

"मागे कोण बघतंय? आहेत तशाच मारा," साहेब म्हणाले.

मित्रांनो, तीन वर्षे त्या खोलीत बसून ज्या माणसाने एकदाही पाटी उलटली नव्हती, तोच हे बोलू शकतो. मी जन्मात इतका खूश झालो नव्हतो.

समितीत तिघे होते. एक निवृत्त पंच, एक क्रीडावार्ताहर बाई आणि एक माजी खेळाडू. सकाळच्या उजेडात ते माझ्यासमोरच्या टेबलाशी बसले आणि वाद रंगला. साहेब काठी घेऊन शेजारी उभे.

"मी अजून बंदराच्या संघाच्या व्यवस्थापकाच्या बाजूने आहे," पंच म्हणाले. "एका वर्षात तीन नामवंत आणले, आणि शेवटून पहिला असलेला संघ अंतिम सामन्यात!"

"आणले म्हणजे विकत आणले हो," वार्ताहर बाई म्हणाल्या. "पिशवी मोठी असली की बाजार कुणीही करतं. इथे बघा, ज्यांना कुणी विचारत नव्हतं असली माणसं घेऊन विजेतेपद."

"पण तीन नामवंत एका संघात नांदवायचे म्हणजे एका घरात तीन सासवा," माजी खेळाडू हसला. मग साहेबांकडे वळला. "मला एक सांगा. या घुम्याला पारखायला मी चार सामने बसून पाहिले, तरी तो मला कळलाच नाही. तुम्ही त्याच्यात काय पाहिलंत?"

"उंची," साहेब ठसक्यात म्हणाले.

"तो तर तुमच्या संघात सगळ्यांत बुटका."

"म्हणजे... उडी. उडीमुळे मिळालेली उंची," असे म्हणत साहेबांनी दाखवायला काठी उगारली आणि घुम्याच्या पाटीशेजारी मला टोचली.

एकशे तेरावा. मी खुंटी सोडली.

पाटी टेबलावर पडली, ती सोनेरी तोंड खाली करून. पंचांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचले. "दोष: उंची नाही, डावा हात नाही, बोलत नाही. गुण: चेंडू दुसऱ्याकडे असताना याचे पाय बघा. चेंडू कुठे येणार ते याला आधी कळते. आजच घ्या." त्यांनी तारीख वाचली, सही वाचली आणि मान वर केली. "ही सहा वर्षांपूर्वीची तारीख. आपण इथे कधी आलात?"

"तीन... पण ते आमच्या एका कर्मचारी बाईंनी... माझ्या सांगण्यावरून..." साहेबांचे त त प प सुरू झाले.

"येण्याच्या तीन वर्षं आधी सांगितलंत?" पंचांनी विचारले. आयुष्यभर घड्याळ पाहिलेला माणूस तो.

तोवर वार्ताहर बाई उठल्या होत्या. त्यांनी एकेक पाटी उलटली. बारांपैकी अकरांवर तेच अक्षर, तीच सही. बाराव्या पाटीची मागची बाजू कोरी होती. तो खेळाडू साहेबांनी स्वतः निवडलेला, आणि वर्षभर बाकावरून न उठलेला.

आत्याला बोलावणे गेले. ती हातात हवा भरायचा पंप घेऊनच आली. पंच तिला पाहून उभे राहिले. त्यांनी शिट्टी वाजवलेल्या कितीतरी सामन्यांचे गुण तिने लिहिले होते.

"पण यांना पद कुठलं?" ते पुटपुटले. "सन्मान पदाधिकाऱ्याचा असतो."

"कुठे लिहिलंय तसं?" माजी खेळाडूने विचारले. नियमांचा कागद निघाला. त्यात 'संघ बांधणारी व्यक्ती' एवढेच होते. पदाचे समितीने आपले धरून चालले होते. तरी पंच हट्टी. त्यांनी थेट आत्यालाच विचारले, "बंदराच्या संघाबद्दल तुमचं काय मत?"

"दोष: थकलेले गुडघे विकत घेतात," आत्या म्हणाली. "गुण: व्यवस्थापक प्रत्येक खेळाडूला स्वतः जाऊन भेटतो, ते मला आवडलं. पण दोघांचे गुडघे पुढच्या वर्षी बसतील. हवं तर लिहून देते, तारीख घालून."

 पंचांनी आपल्या कागदावरच्या बंदराच्या व्यवस्थापकाच्या नावावर काट मारली.

पितळेत कोरायला तिचे पूर्ण नाव विचारले, तेव्हा अर्ध्या संघाला ते पहिल्यांदाच कळले. घुम्याने आपली पाटी उलटून दोनदा वाचली आणि म्हणाला, "डावा हात आता आहे." आत्याने चष्मा काढून पुसला, मग खोडरबर घेऊन 'डावा हात नाही' हे तीन शब्द खोडले.

साहेबांना कुणी काढले नाही. जावई कुठे काढता येतो? खुर्ची तीच राहिली, फक्त खेळाडू निवडणे आत्याकडे गेले. सन्मानाच्या दिवशी साहेबांना पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवाव्या लागल्या, आणि वार्ताहर बाईंनी आत्याला विचारले, "साहेबांबद्दल दोन चांगले शब्द?"

"माझी पद्धत ठाऊक आहे ना? आधी दोष," आत्या म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तूंना वेळच्या वेळी तेल द्या. आणि दुसऱ्याच्या कामावर आपले सोनेरी रंग चढवण्याआधी मागची बाजू एकदा बघून घ्या. याला कुणी उपदेश म्हणेल. मी इशारा म्हणतो.

दुसऱ्या दिवशी आत्याने माझ्या पंधराही भोकांत तेलाचे बोट फिरवले आणि शेवटच्या खुंटीला एक नवी पाटी अडकवली, बरोबर साहेबांच्या खुर्चीसमोर. पुढे लिहिले आहे 'साहेब'. खोलीत येणारा प्रत्येक खेळाडू जाता जाता ती उलटतो आणि वाचतो. "दोष: पाटी उलटून बघत नाहीत. गुण: अजून दिसायचा आहे." खाली तारीख, सही. साहेब रोज वाट बघतात की ती एकदा तरी खाली पडेल. पडणार नाही. बाकीच्या चौदा खुंट्यांचे मी सांगत नाही, पण ती एक मी दातांत धरून आहे.