‘अ’ इमारत का बसली याबाबतचा ठराव

पिंप्राळ्यातली आमची ‘अ’ इमारत मे महिन्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, दुपारी सव्वादोनला खाली बसली. पडली म्हणावं तर ती कुठल्याच बाजूला पडली नाही. जेवण झाल्यावर माणूस जिथल्या तिथं टेकतो तशी टेकली. सात मजली होती. जळगावात तेव्हा सात मजले म्हणजे नवलच, त्यामुळे ती चढत असताना बघायला नरडाण्यापासून लोक आले होते. बसल्यावर तेच लोक पुन्हा आले.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मजूर बाजाराला गेले होते आणि राखणदार समोरच्या टपरीवर चहा पीत होता. सगळा घोटाळा इथूनच सुरू झाला. दोन-चार माणसं दगावली असती तर लोकांनी सरळ बिल्डरची कॉलर धरली असती. कुणीच दगावलं नाही म्हटल्यावर लोक म्हणू लागले, म्हणजे कुणाला तरी आधीच माहीत होतं.

आम्ही बारा जण शेजारच्या ‘ब’ इमारतीचे सभासद. ‘ब’ उभी होती. बिल्डर तोच, मिस्त्री तोच, वाळूचा ट्रक तोच. फक्त ती वर्षभर आधी पुरी झाली होती. चाव्या आमच्या खिशात होत्या आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, राहायला जायचं सगळ्यांचं ठरलं होतं. आखाजीला वेगळा मुहूर्त काढावा लागत नाही. ती अकरा दिवसांवर आली होती.

यात सगळ्यात अडकला तो आमच्या सोसायटीचा चेअरमन, पितांबरआबा. पंचायत समितीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्याची लेक मंदा सहा महिन्यांचं बाळ घेऊन बाळंतपणानंतर पहिल्यांदाच माहेरी येणार होती, तीही आखाजीला. आखाजीला लेक माहेरी आली नाही तर खानदेशात लोक कारण विचारतात, आणि सांगितलेलं कारण त्यांना पटत नाही. आबाने तिला पत्र धाडलं होतं : ‘या खेपेस नव्या घरी ये. तिसरा मजला. वारा चांगला.’

जुन्या गावात आबाची नि माझी भिंत एकच. ती मातीची असल्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येतं. इमारत बसली त्या संध्याकाळी आबाच्या बायकोने, रुक्माबाईने विचारलं, “कशानं पडली हो ती?”

“चौकशी चालू आहे,” आबा म्हणाला.

“कुणी पाडली असेल तर आपली उभी राहील. आपल्या आपण पडली असेल तर आपलीही पडेल. एवढंच विचारते. बाळ येणार आहे घरात.”

मग आबाच्या येरझाऱ्या ऐकू आल्या. त्या वेळात त्याने मनाशी काय ठरवलं ते दुसऱ्या दिवशी टपरीवर कळलं. इमारत कुणीतरी पाडलेली असणं त्याच्या दृष्टीने आवश्यक होतं.

टपरी ढिगाऱ्यासमोरच. पत्र्याखाली दोन बाकं. तोताराम आधीच येऊन बसला होता. तीस वर्षं दीपनगरला वीज केंद्रात काढलेला माणूस, त्यामुळे उंच गोष्टींबद्दल आमच्यात त्याचाच शब्द चाले.

“धुळेकर,” तोताराम म्हणाला.

“धुळेकर काय?” आबाने विचारलं.

“त्यांच्याकडे पाच मजल्यांच्या वर काही नाही. आपण सातवा टाकला. मागच्या महिन्यात एमएच अठराची, धुळे पासिंगची एक जीप इथं दोनदा आली. मी डोळ्यांनी पाहिली.”

वना केळीचा आडत्या. त्याची सासुरवाडी धुळ्याची. तो म्हणाला, “तोताराम तात्या, ती जीप माझ्या मेव्हण्याची. फ्लॅट बघायला आला होता.”

“बघायलाच आला होता ना? तेच तर मी म्हणतो.”

वनाला हे लागलं. जीपवरून लक्ष हटवायला म्हणून तो म्हणाला, की खरं कारण वीज आहे. दीपनगरहून येणारी मोठी तार शेतातून जाते, तिची थरथर जमिनीत उतरते आणि पाये ढिले होतात.

“वीज मी तीस वर्षं बनवली,” तोताराम म्हणाला. “ती कुणाच्या इमारती पाडत नाही. ती फक्त जाते.”

आबाने दोन्ही मतं वहीत टिपून घेतली. विजेच्या मतावर मात्र नंतर काट मारली, कारण तार ‘ब’वरूनही जात होती.

शेवटच्या बाकावर यशोदाबाई चहा पीत होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, चौथा मजला. त्या म्हणाल्या, “वाळू.”

चारचौघात बोलू नये ते बाई बोलल्या, असं तोंड करून तोताराम म्हणाला, “बाई, वाळू काय, सगळीकडेच असते.”

“मी तेच म्हणते. सगळीकडे तीच आहे.”

हे मत आबाने टिपून घेतलं नाही.

पुढचे दोन दिवस असेच गेले. धुळेकर मागे पडले आणि सुरुंग पुढे आला. सुरुंग बिल्डरलाही आवडला. त्याने सोसायटीला लेखी कळवलं, की हे विघ्नसंतोषी लोकांचं काम असून ‘ब’ इमारतीला त्यांच्यापासून असलेला धोका आता टळला आहे. कसा टळला ते लिहिलं नव्हतं. आम्ही ते पत्र चार वेळा वाचलं आणि दर वेळी थोडं कमी समजलं.

तिसऱ्या दिवशी आबा स्कूटरच्या मागे बसवून झुलालला घेऊन आला. झुलालचा धंदा विहिरींना सुरुंग लावायचा. चाळीस वर्षांत त्याने तालुक्यातला निम्मा खडक फोडला होता, आणि डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. तेच त्याचं सर्टिफिकेट.

झुलाल ढिगाऱ्याभोवती एक फेरी मारून आला. वाकून वास घेतला. मग म्हणाला, “हाई सुरुंगनं काम नही शे, आबा. सुरुंग लावा म्हणजे दगड उडस. आठे बठ्ठं जागावरच बसेल शे.” म्हणजे इथं सगळं जागच्या जागीच बसलं होतं.

“पण आता नवीन सुरुंग निघाले असतील,” आबा म्हणाला.

झुलालने कॉलमचा एक तुकडा उचलून अंगठ्याने दाबला. त्याचा भुगा झाला. “हाई काय शे? हाई ते शिळी भाकरना चुरा शे.”

आबाचा चेहरा उतरला. पण तोतारामचा फुलला. तो म्हणाला, “बघा. सिमेंटचं पीठ झालं. आवाज नाही, वास नाही, दगड उडाला नाही. साध्या सुरुंगाने हे होईल का? सांग झुलाल, तुझ्या सुरुंगाने असं पीठ होतं?”

“नही होत,” झुलाल म्हणाला.

“झालं तर. म्हणजे हा भारीतला आहे.”

झुलालने आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. तो उभ्या आयुष्यात एवढा गोंधळला नसावा. आबाने त्याला हळूच बाजूला घेतलं आणि ‘ब’च्या कॉलमपाशी नेलं. म्हणाला, “हा जरा ठोकून बघ.” झुलालने हात पुढे केला, वर सहा मजल्यांपर्यंत नजर नेली आणि हात मागे घेतला.

“माले ठोकाले नका सांगू, आबा,” तो म्हणाला आणि चहा न घेता गेला.

रविवारी सोसायटीची विशेष सभा झाली. इमारत का पडली हे एकदा बहुमताने ठरवून टाकावं, म्हणजे राहायला जायला मोकळं, अशी कल्पना आबाची. आमच्याकडे साखर कारखान्यापासून भजनी मंडळापर्यंत सगळं ठरावाने चालतं, त्यामुळे कुणाला यात वावगं वाटलं नाही. सूचनेत सभेचं ठिकाण ‘ब’ इमारतीचा तळमजला असं होतं. ‘उकाड्यामुळे सभा बाहेर घेण्यात आली,’ असं इतिवृत्तात आहे. बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं.

ठराव असा : ‘अ इमारत अज्ञात इसमांच्या घातपाताने पडली असून ब इमारत सुस्थितीत असल्याची ही सभा नोंद घेते.’ सूचक तोताराम. वनाने अनुमोदन दिलं, पण ‘अज्ञात’ हा शब्द ठळक लिहावा या अटीवर.

“माझी एक उपसूचना आहे,” यशोदाबाई म्हणाल्या. “पुढे एक ओळ घाला. ठरावाच्या बाजूने हात वर करणारे आज संध्याकाळपर्यंत बिऱ्हाड हलवतील.”

वर जाऊ लागलेले हात वाटेतच थांबले. एकाने त्याच हाताने डोकं खाजवलं. मीही चष्मा सारखा केला.

“उपसूचना नियमात बसत नाही,” आबा म्हणाला.

“कुठल्या?”

“ते बघून सांगतो.”

उपसूचना तहकूब झाली आणि मूळ ठराव अकरा विरुद्ध एक असा मंजूर झाला. आबाने सही केली, शिक्का मारला. मंदाला येण्याची तारीख कळवणारं दुसरं पत्रही त्याने त्याच दिवशी टाकलं. मात्र त्यात घराचा उल्लेखच नव्हता.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी तो मला घेऊन एस.टी. स्टँडवर गेला. सोबत कशाला, ते त्याने सांगितलं नाही. बस अर्धा तास उशिरा आली. मंदा उतरली, कडेवर टोपडं घातलेलं गोरं पोर, मागे दोन पिशव्या. पोराने आबाचं बोट धरलं ते सोडेना.

“नव्या घरी ना, आबा?” मंदा म्हणाली. “ह्यांना मी सांगून आले, तिसरा मजला म्हणून.”

आबा म्हणाला, “हो. म्हणजे, हो.”

आम्ही रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने मान वळवून विचारलं, “कुठं?”

साधाच प्रश्न. आबाने खिशात हात घातला. खिशात ठरावाची प्रत होती, ती त्याने बाहेर काढली, उलगडली, वाचली, पुन्हा घडी केली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला. पोर अजून बोट धरून होतं.

“पिंप्राळा?” रिक्षावाला म्हणाला.

“जुनं गाव,” आबा म्हणाला. मग लेकीकडे न बघता, “तिकडे रंगाचा वास आहे अजून. बाळाला सोसायचा नाही.”

रंग लावून वर्ष झालं होतं. मंदाने पिशव्या पायाशी ओढून घेतल्या. आखाजीला कुणीच हललं नाही. तोतारामच्या सुनेला जिने चढवत नव्हते, वनाच्या केळीचा हंगाम होता आणि माझं पुस्तकांचं कपाट दारातून निघत नव्हतं.

त्या रात्री भिंतीपलीकडे बाळ झोपल्यावर रुक्माबाई म्हणाली, “आता तरी सांगा. कशानं पडली ती?”

“ठरावात आहे.”

“तो मी वाचला. तुम्हाला काय वाटतं ते विचारते.”

आबाने दिव्याचं बटण दाबल्याचा आवाज आला.

“मला वाटतं ते मी रिक्षावाल्याला सांगितलं,” तो म्हणाला.