बैलाचा खुलासा

वकिलीचा पाया म्हणजे सत्य, असं राज्याच्या अर्जाच्या पहिल्याच पानावर ठळक छापलं होतं. पुढची एकेचाळीस पानं अर्जदार खोटारडा आहे असं धरून लिहिली होती.

लोवेल क्रात्सनं ती सगळी इमानेइतबारे भरली. वय एकावन्न. बावीस वर्षं तो कोर्टात बेलिफ होता. न्यायाधीश आले की "उभे राहा" असं ओरडायचा आणि स्वतः संध्याकाळपर्यंत उभाच असायचा. नोकरी सांभाळून कायद्याची पदवी घेतली, ती एकदाची वकिलांच्या खुर्चीत बसायला मिळावं म्हणून. आता सनदेसाठी परीक्षा, आणि चारित्र्याची तपासणी.

दहा वर्षांतले घरमालक, अठराव्या वर्षापासूनच्या नोकऱ्या, चुकीच्या जागी गाडी लावल्याच्या पावत्या. बायको मार्जी कागद शोधून शोधून वैतागली.

"लग्नाच्या वेळी मला याच्या निम्मंही सांगितलं नव्हतंस," ती म्हणाली. "आणि हे काय? बैल?"

एकोणिसाव्या वर्षी लोवेलनं बर्गरच्या दुकानाच्या छपरावरचा प्लास्टिकचा बैल पळवला होता. पकडला गेला, दंड झाला, बैल परत छपरावर गेला.

"नको लिहूस रे. कोणाच्या लक्षात असणार आहे?"

"क्लासमध्ये सांगितलंय. केलेलं माफ होतं, लपवलेलं होत नाही."

जुलैत परीक्षा झाली, जत्रेच्या मैदानावर, गुरांच्या प्रदर्शनाच्या शेडमध्ये. आठशे जण पारदर्शक पिशवीत पेन्सिली घेऊन दोन दिवस शेणाच्या वासात मालमत्तेचा कायदा लिहीत होते. निकालाआधीच लोवेलला चारित्र्य तपासणाऱ्या समितीचं पत्र आलं: बैलाबाबत समक्ष खुलासा करावा.

समितीत तिघं. अध्यक्ष व्हिटकम बाई, एक पेंगुळलेला म्हातारा वकील, आणि तिसरा ग्रेडी हॅलोरन. लोवेलनं त्याला लगेच ओळखलं. बैलाचं डोकं ग्रेडीनं धरलं होतं, शेपटी लोवेलनं. पोलिसांची शिट्टी ऐकून ग्रेडी कुंपणावरून जो पळाला, तो बत्तीस वर्षांनी आज दिसत होता. लोवेलनं तेव्हा त्याचं नाव सांगितलं नव्हतं.

ग्रेडीनं फाईल चाळली. "काय हो क्रात्स, बरोबर कोण होतं?"

मी याला वाचवलं तर हा मला वाचवेल, असं लोवेलला वाटलं. कायदा शिकूनही वाटलं.

"कोणी नाही, साहेब. एकटाच होतो."

"सहा फुटी बैल एकट्यानं उचललात?"

"पोकळ होता, साहेब."

म्हातारा खुसखुसला. "मग आपल्या वकिलांत खपून जाईल."

व्हिटकम बाई हसल्या नाहीत. त्यांनी पोलिसांचा जुना कागद पुढे सरकवला. दोन इसम, एक फरार.

"बैलाचं आम्ही हसण्यावारी नेलं असतं, मिस्टर क्रात्स. आता या खोट्याचं काय करू? दुसरा कोण होता?"

ग्रेडी चष्मा पुसत होता. एक काच झाली, मग दुसरी.

"ग्रेडी," लोवेल हळूच म्हणाला, "तूच सांग ना."

ग्रेडीनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "एक खोटं पकडलं गेलं, तर आता समितीच्या सदस्यावर चिखलफेक. बाई, हेही नोंदवून घ्या."

बाईंनी नोंदवून घेतलं. अपात्र ठरवणारं पत्र ग्रेडीनं स्वतः लिहिलं. भाषा फार सुंदर होती. 'सत्याची चाड' हे शब्द तीनदा आले होते.

"आता सगळं नावानिशी लिहितो," लोवेल म्हणाला आणि आठवडाभर खपून त्यानं एकोणीस पानी अपील तयार केलं. मार्जीनं पाकिटावर तिकिटं लावली. पोस्टमननं उचलून न्यावं म्हणून ते ठेवायला तो दारातल्या टपालपेटीपाशी गेला, तर आत परीक्षा मंडळाचं पाकीट येऊन पडलं होतं.

तो अकरा गुणांनी नापास झाला होता.