शर्करानाथांचा पेढा

त्या गुरुवारी शाळेच्या मैदानावर एवढी गर्दी झाली, की शेवटी शाळेलाच सुट्टी द्यावी लागली. शर्करानाथ महाराज शुगर घालवत होते. माणसं उपाशीपोटी रांगेत उभी. मांडवात महाराज, पाठीमागे बऱ्या झालेल्यांचे जवळपास दोनशे फोटो आणि समोर पेढ्यांची पाटी. शुगर घालवायला पेढे, यात कुणालाच वावगं वाटत नव्हतं.

"शुगर हा रोग न्हाई, माउली," महाराज माइकवर सांगत होते. "मागल्या जन्मी खायचा राहिलेला गोडवा हाय तो. रक्तात लपून बसतो. त्याला पेढा दावा, लगेच भायेर येतो!"

विधी सोपा होता. उजव्या मुठीत पेढा धरून मंत्र ऐकायचा, मग पेढा खायचा. प्रसादाचा हात धुवायचा नाही, डोक्याला पुसायचा, हे आम्हाला जन्मापासून ठाऊक. त्याच हाताच्या बोटाला सेवेकरी सुई टोचायचा आणि मशीनवरचा आकडा माइकवर सांगायचा. मग तीर्थाच्या घंगाळात हात चोळून, पुसून पुन्हा टोचायचं.

माझी साळूआत्या पुढं गेली. पहिला आकडा चारशे बारा. तीर्थानंतर एकशे अडतीस. मैदान दणाणलं. आत्या रडली आणि तिनं पिशवीतली इन्सुलिनची बाटली काढून महाराजांपुढच्या धुनीत टाकली. ऊसतोडीला गेल्यावर पाचटाच्या झोपडीत, कोपीतसुद्धा ती ही बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात लेकरासारखी जपायची. संध्याकाळी तिचा फोटो लागला, दोनशेवा.

मी सावेडीच्या डॉक्टर सुकन्याबाईंकडं काम करतो. आमच्या भागातल्या सहाशे चाळीस शुगरवाल्यांचं पुढं काय होतं, कुणाचे डोळे जातात, कुणाची किडनी, कुणाचा पाय, हे बाई अकरा वर्षं बघतायत. मी घरोघर फिरून वह्या भरतो. गावाला यात काडीचा रस नाही. महाराजांचा निकाल पाच मिनिटांत लागतो, बाईंचा अजून लागायचाय.

पुढच्या गुरुवारी बाई आल्या.

"या डॉक्टरीणबाई, तुमचीबी घालवू," महाराज म्हणाले.

"मला शुगर नाही. या गोरक्षलाही नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला पुढं ढकललं. बाईंच्या बाटलीतलं पाणी, साबण, स्वच्छ हात, सुई. आकडा ब्याण्णव. मग मी पेढा मुठीत दाबून धरला आणि न खाताच सरपंच वाल्मिकरावांना दिला. त्यांनी खाल्ला. माझा आकडा तीनशे सत्त्याऐंशी! पुन्हा साबण. चौऱ्याण्णव.

बाईंनी माइक घेतला. "साखर रक्तात नाही, बोटाला होती. मशीननं पेढा मोजला. घंगाळात साधं पाणी आहे. दुसरा आकडा कमी येतो, कारण हात धुतलेला असतो, पोट उपाशी असतं आणि तुम्ही कालपर्यंत औषध घेतलेलं असतं. ते औषध बंद करू नका."

मला वाटलं, जिंकलो.

"म्हंजे," वाल्मिकराव ओठ पुसत म्हणाले, "गोरक्षालाबी शुगर हुती!"

"नव्हती हो!"

"समद्यांनी पाह्यली की. आन् इथं आल्याबरूबर गेली!"

"पाणी बाईंच्या बाटलीतलं होतं."

"पन मांडवात हुतं ना?"

महाराजांनी डोळे मिटून हात वर केला. माझ्या गळ्यात हार पडला. लगेच माझा फोटो काढला, दोनशे एकावा.

बाईंनी पाठीमागच्या फोटोंकडं बोट दाखवलं. "यातले परत किती आले?"

"ज्यांना गुन आला ते येत्यात," महाराज म्हणाले.

"आणि जे येत नाहीत?"

"ते पार बरे झाले. कशाला येतील?"

"आम्ही त्यांच्याच घरी जातो," बाई म्हणाल्या. तोवर माइक बंद झाला होता.

मी मशीन घेऊन घरी गेलो, तर आत्यानं बोटाला हात लावू दिला नाही. "महाराज म्हनले, तपासलं की संशय येतो, अन् संशयानं शुगर परत येती." आता यावर कुठलं मशीन आणायचं? तक्रार दिली, तर मांडव दुसऱ्या तालुक्यात गेला.

तीन आठवड्यांनी आत्यानंच बोलावलं. शेजारी पाण्याचा रिकामा हंडा. सकाळपासून तो एकटीनं संपवला होता. पायाच्या तळव्याची जुनी जखम काळी पडली होती. तिनं साबणानं हात धुतला, दोनदा, आणि पुढं केला.

"टोच, गोरक्षा."

पाचशे सत्तर.

"पेढा न धरता?"

"न धरता."

"मग शुगर गेली न्हाई, हे तवाच का न्हाई सांगितलं रं?"

"सांगितलं होतं, आत्या. माइकवर."

तिनं बोटावरचं रक्त पदराला पुसलं. "तवा मी टाळ्या वाजवत हुते."

दवाखान्यात पाय गुडघ्याखाली काढावा लागला. बाईंनी वहीत एक ओळ लिहिली आणि बराच वेळ पेनाला टोपण लावलं नाही.

तो मांडव तुमच्या गावी येईल. आकड्याला टाळ्या वाजवायच्या आधी हात साबणानं धुवा, मग मोजा. आणि फोटोतली माणसं आज कुठं आहेत, ते विचारा. त्यात माझ्या फोटोशेजारी साळूआत्याचा फोटो आहे. पत्ता मी देतो. फोटोत तिचे दोन्ही पाय आहेत.