हो, नाही आणि माझा दिवा

मी एक जुने इंजिन आहे. पण मित्रांनो, मला शोधायला स्टेशनवर जाऊ नका. मी तुमच्या तळहातावर मावेन. एका खोलीतल्या लांबरुंद फळीवर माझे रूळ अंथरले आहेत आणि माझी सारी धाव तेवढीच.

कारखान्यात मला दोन दिवे बसवले होते. पुढे जाताना पुढचा लागायचा, मागे येताना मागचा. माझे मालक लिफ्ट दुरुस्त करायचे. सगळे त्यांना काका म्हणत. कामावरून आले की हातपाय धुऊन ते थेट माझ्याकडे येत. काकू घरी शिवणकाम करत. त्यांना माझे कौतुक नव्हते. "अर्धी खोली अडवलीय या पसाऱ्याने," असे त्या मशीनवरून मान वर न करता म्हणत.

मग काकांना पक्षाघाताचा झटका आला. दवाखान्यातून ते परतले, तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणे दोनच शब्दांवर आले होते: हो आणि नाही. त्यातही घोटाळा होई. नाही म्हणायचे असताना तोंडून हो निघे. मग ते स्वतःवरच चिडून भिंतीकडे तोंड फिरवत.

त्यांचे मन रमावे म्हणून एके दिवशी काकूंनी मला सुरू केले. कितीतरी दिवसांनी मी रुळावर होतो. गचके खात चाललो, दिवा फडफडला, विझला आणि मी थांबलो. काकांनी डोळे मिटून घेतले.

"आई, खोक्यात भरून ठेव ते," भेटायला आलेली मुलगी म्हणाली. "बाबांना उगाच त्रास."

मित्रांनो, खोक्यात गेलेले इंजिन सहसा बाहेर येत नाही.

मुलगी तिच्या घरी गेल्यावर काकूंनी काकांची खुर्ची फळीजवळ ओढली. "अहो, मी विचारते, तुम्ही सांगा. तोंडून चुकीचं आलं, तर डाव्या हाताने फळी वाजवा. रुळांत वीज येत नाहीये का?"

"हो," काका म्हणाले आणि घाईघाईने फळी वाजवली.

"म्हणजे येतेय."

काकांनी तारा लावलेल्या एका सुट्या बल्बकडे बोट दाखवले. काकूंनी त्या तारा रुळांना टेकवल्या. बल्ब लागला. दोष माझ्यातच होता तर!

"मग जोर वाढवू?" म्हणत त्यांनी बटण फिरवलेसुद्धा. माझी मोटर तापली, जळका वास सुटला. आता संपलो, असे मला वाटले.

"नाही, नाही!"

काकूंनी झटकन बटण बंद केले. मला उचलून उलटे करत त्यांनी विचारले, "चाकं मळलीत?"

"हो." फळी वाजली नाही.

रुळांतली वीज चाकांतूनच माझ्यात येते, आणि चाकांवर तर काळी पुटे चढली होती. काकूंनी स्पिरिटच्या फडक्याने चाके पुसली, रूळही पुसले. मी धावू लागलो. पण दिवा लागेना.

"बल्ब गेलाय?"

"नाही."

"मग तार?"

"हो."

माझे झाकण उघडले. केसाएवढी बारीक तार सुटली होती. कथील वितळवून ती जोडायची होती. तापलेली सळई जवळ आली. हात जरा हलला असता, तर माझे अंग वितळले असते. काकूंनी श्वास रोखला. मीही.

पुढचा दिवा लागला! काकूंनी मला उलटे चालवून पाहिले. मी मागे आलो, पण मागचा दिवा लागलाच नाही. काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ओठ हलले.

"मा... मागचा."

काकूंचा हात बटणावरच राहिला. "काय म्हणालात?"

"मागचा," काका जरा वैतागूनच म्हणाले.

"बरं, बघते," काकू म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसल्याशिवाय त्यांना स्क्रू दिसेना.

मित्रांनो, कुणी बंद पडले की लगेच खोके शोधू नका. जोर लावू नका. जवळ बसा, एकेक गोष्ट विचारा आणि उत्तर येईपर्यंत धीर धरा. माझे झाकण आता पुन्हा उघडले आहे. सळई तापते आहे. मला अजून भीती वाटते, पण काका खुर्ची पुढे सरकवायला सांगत आहेत.