कीबोर्ड कपाटात

चार वाजत आले की बाबांचे अंगठे आपोआप हलू लागत. बत्तीस वर्षं गोदीत क्रेन चालवलेला माणूस. दोन दांडे हाती आले की जग कसं अलगद उचलावं, हे त्या हातांना पाठ. पण खुब्याचं ऑपरेशन झालं आणि सोफा काही सुटेना. तेव्हा दूरच्या शहरातल्या धाकट्या भावानं गेमचा कंट्रोलर धाडला. रोज चारला दोघं भाऊ टीव्हीवर मोटारींची शर्यत लावत आणि कानाला हेडफोन अडकवून एकमेकांचा उद्धार करत. देव द्यायला लागला की अशा आडवाटेनंही देतो.

गुरुवारी मात्र टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर जागा झाला तो पासवर्ड मागतच. कीबोर्ड समोरच्या फळीवर. बाबा काठीशिवाय उठले आणि टेबलाचा आधार मिळाला म्हणून वाचले. संध्याकाळी रक्ततपासणीच्या लॅबमधलं काम आटपून लेक घरी आली. तिला टेबल वाकडं झालेलं दिसलं, बाकीचं तिनं बाबांच्या तोंडावरून वाचलं.

"बाबा, मी नसताना हे सगळं सोफ्यावरून, नुसत्या कंट्रोलरनं व्हायला हवं. नाहीतर खेळ बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद."

रविवारी ती दोन डिस्क घेऊन बसली. एकीवर रोजचीच, ऑफिसात असते तसली ऑपरेटिंग सिस्टीम. दुसरीवर टीव्हीसमोर बसून खेळणाऱ्यांसाठी बनवलेली; ती उघडली की थेट गेमची मोठमोठी चित्रंच मांडायची. लेकीचं निरूपण रंगात आलं. पहिलीत सगळे गेम चालतात. दुसरीत सगळं कंट्रोलरनं होतं, पण काही गेम चालत नाहीत.

"का गं? गेम तोच, यंत्र तेच," बाबा सरसावून बसले.

"काही गेमवाले दारात पहारेकरी ठेवतात, कुणी लबाडी करू नये म्हणून. अनोळखी सिस्टीम दिसली की तो दार उघडत नाही."

"आमच्या गेटवर होता असा एक. चोर कधी धरला नाही, पण साहेबांच्या सासऱ्यांना तासभर उभं केलं." बाबांनी दोन्ही डिस्क हातात घेऊन निरखल्या. "हे बघ, भार उचलण्याआधी आम्ही तो हातभर उचलून थांबायचो. ब्रेक धरतो का बघायचो. कागदावर सगळ्याच क्रेन दणकट असतात."

"मग?"

"मग खेळ चालू असताना वीज घालव. परत आली की मी सोफ्यावरून खेळात पोचतो का, बघू."

आधी रोजच्या सिस्टीमची पाळी. पासवर्डची अट लेकीनं काढून टाकली होती. भिंतीवरचं बटण बंद झालं, चालू झालं, आणि थोड्या वेळानं पडद्यावर मोटारी ओळीनं उभ्या!

"पास!" लेकीनं टाळी वाजवली.

बाबा हसले नाहीत. "तुझा हात कुठे गेला होता?"

"कुठे गेला होता?"

कीबोर्ड तिच्या मांडीवर होता. मध्येच एक चौकोन उगवला होता, अपडेट आत्ता करू की नंतर असं विचारत, आणि तिनं बोलता बोलता एक बटण दाबलं होतं.

"मी दाबलं?"

"तुलाही कळलं नाही. नवीन पोरांना शिकवताना मी तोंडं नाही, हात बघायचो."

लेक ओशाळली. तिनं कीबोर्ड कपाटात घातला आणि किल्ली पर्समध्ये टाकली. पुन्हा वीज गेली, आली. चौकोन पुन्हा दत्त म्हणून उभा. बाबांनी कंट्रोलरची सगळी बटणं दाबून पाहिली, चौकोन ढिम्म.

मग दुसरी डिस्क. वीज गेली, आली. मोठी चित्रं समोर, बाबांचा अंगठा फिरला तशी ती सरकली. पण शर्यतीच्या चित्रावर बटण दाबलं, आणि पहारेकऱ्यानं दार लावून घेतलं.

"दोन्ही ठेवल्या तर?" बाबांनी हळूच विचारलं.

"सुरू होताना कुठली हवी ते विचारेल."

"आणि ते सांगायचं कशानं?"

लेकीनं कपाटाकडे पाहिलं. बाबांनी फोन उचलला आणि भावाला सांगून टाकलं, आता दुसरीच डिस्क ठेवायची, म्हणजे आपली शर्यत जाणार.

"तीनशे बारा वेळा हरवलंय तुला, दादा. आता पळ काढतोस होय?"

"पळता येत असतं तर गुरुवारी कीबोर्ड आणायला जाताना तोल गेला असता का?"

गुरुवारचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"पडलास?"

"पडता पडता राहिलो."

"शर्यत गेली खड्ड्यात," धाकट्याचा आवाज खाली आला. "त्या चित्रांत दोघांनी मिळून खेळायचं काय आहे, ते वाच."

वाचता वाचता एक सापडलं. दोन हमालांनी उंच इमारतीतलं सामान खिडकीतून खाली उतरवायचं.

सोमवारी चारला घरात दुसरं कुणी नव्हतं. बाबांनी कंट्रोलरचं मधलं बटण दाबलं. टीव्ही उजळला, चित्रं आली. दोन मिनिटांत दोघं भाऊ एका पियानोच्या दोन टोकांना होते.

"ओढ ना, दादा!"

"थांब. आधी हातभर उचल. आता बघ, झुलतोय का?"

"बघायचं काय त्यात?"

वीस मिनिटांनी लेकीचा फोन आला. "बाबा, खेळ सुरू झाला का? उठला नाहीत ना?"

"मी जागचा हललो नाही. पण तुझ्या काकानं आत्ता तिसऱ्या मजल्यावरून पियानो सोडला."

हेडफोनमधून काकाची तक्रार तिकडे लॅबपर्यंत ऐकू गेली. लेक हसली, तरी तिनं विचारलंच, "आणि कीबोर्ड?"

"किल्ली तुझ्या पर्समध्ये, आणि मला काय विचारतेस? ठेव फोन. दुसरा पियानो खिडकीत अडकलाय."