आठवी थाप

बापाच्या वेताचा तिसरा फटका खांद्यावर सटकन बसला, तरी जयसेनानं कमरेचा ढोल सोडला नाही.

"आठवी मारलीस? परत मारलीस?"

"आठ मात्रा आहेत, अप्पच्ची. आठ मारणार."

"आपल्या घरात सात. आठवी रिकामी."

यसावती उंबऱ्यात नारळ खोवत बसली होती. भाऊ बावीस वर्षांचा झाला तरी हे चालूच. सात थापा पडायच्या आणि आठव्या जागी ढोल श्वास रोखायचा. ऐकणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकायचा. त्या रिकाम्या जागेसाठी लोक मातल्याहून, कँडीहून यायचे. आजोबांची देणगी म्हणायचे. शुक्रवारी जयसेन तेच कोलंबोला रेडिओवर वाजवणार होता.

"मल्ली, सोड की," ती धाकट्याला म्हणाली. "वाजव त्यांच्यासारखं."

"अक्का, तू गप. रेडिओवाले हसले मला. म्हणाले, तुझ्या म्हाताऱ्याला आकडे येत नाहीत का?"

वेत तोंडावर आला. ओठ फाटला. पुढचा फटका यायच्या आत जयसेनानं बापाचं मनगट धरलं आणि पिळलं. सगळ्या अंगानं पिळलं, दात खाऊन.

काड्‌कन आवाज झाला.

वेत खाली पडला. म्हातारा भिंतीला टेकून घसरत खाली बसला. ओरडला नाही. कोंबड्या तेवढ्या पळाल्या.

जयसेन स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मग अंगणात रक्त थुंकला. "सांजपूजेची वेळ झाली," एवढंच बोलला आणि उघड्या अंगानं, पाठीवरच्या वळांसकट, ढोल घेऊन विहाराची टेकडी चढायला लागला. पूजेला ढोल गेला नाही तर विहारानं दिलेलं भातशेत जाणार, हे घरातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

यसावतीनं सुपारीच्या विरीचे, पानाच्या बुडाच्या जाड सालीचे, दोन तुकडे कापले आणि मनगटाला लावले. वरून जुनी साडी फाडून गुंडाळायला लागली.

"वैद्याला बोलावते."

"नको. काय सांगशील त्याला?"

"खरं तेच."

म्हातारा हसला. हसताना दुखलं असावं, तोंड वाकडं झालं.

"माझ्या बापानं सांगितलं होतं, पायरीवरून पडलो."

तिचा हात थांबला.

"उजव्या हाताची बोटं. मुसळ घातलं मी त्यांच्यावर. असाच वाद, असाच मार. नंतर त्यांना आठवी थाप जमेना. लोक म्हणाले, वा गुरुन्नांसे, काय जागा सोडलीत!"

"आणि तुम्ही?"

"मीही सोडली. मारली असती तर लोकांनी विचारलं असतं, तुझा बाप का मारत नाही?"

"ह्यापायी मल्लीला पोरवयापासून फोडून काढलंत?"

म्हाताऱ्यानं मान टेकडीकडे वळवली. टेकडीवरून ढोल सुरू झाला होता. दोघं कान देऊन बसली. पाच, सहा, सात.

मग काहीच नाही. आठव्या जागी वारासुद्धा वाजला नाही.

म्हाताऱ्यानं डोळे मिटले.

दिवा लावायच्या वेळेला जयसेन परतला. ओठ सुजून भोपळा झाला होता. म्हाताऱ्याचं मनगटही सुजलं होतं, म्हणून यसावती पट्टी सोडून पुन्हा बांधत होती. तो बापाच्या पायाशी उकिडवा बसला.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"रेडिओवरही रिकामीच सोडीन. हसू देत. तुमचा हात मी मोडला, आता एवढं तरी सांभाळीन." त्यानं नाक पुसलं. "पण अप्पच्ची, आजोबांना हे सुचलं कसं हो? वाजवताना पहिल्यांदाच कळलं. अंगावर काटा आला."

म्हाताऱ्यानं लेकीकडे बघितलं. लेकीनं त्याच्याकडे. दिव्याची वात तडतडत होती.

"स्वप्न पडलं होतं त्यांना," म्हातारा म्हणाला. "देवानं सांगितलं."

जयसेनानं हात जोडले. डोकं पार जमिनीला टेकवलं.

यसावतीनं पट्टीचं टोक दातात धरलं आणि ओढलं. म्हातारा कळवळला.

"दुखलं का?" तिनं विचारलं, आणि पहिल्या गाठीवरच दुसरी मारली.