डावीकडून दुसरा

"अगं, फोटो परत छापला तर ज्यांनी पाहिला नव्हता तेही पाहतील," वृत्तसंपादक चष्मा पुसत म्हणाले. "आतल्या पानावर खुलासा दिलाय. विषय संपला."

"पण सर, चूक पहिल्या पानावर होती!"

"तुझं कॉलेज कधी सुरू होतंय?"

मी पत्रकारितेची विद्यार्थिनी, इथे सुट्टीपुरती शिकाऊ. फोटोतले चेहरे पानाच्या आत वळलेले हवेत, म्हणून फोटो आरशासारखा उलटवायची या कार्यालयाची जुनी खोड. या वेळचा फोटो क्रीडा मंडळाच्या समारंभाचा होता. मुलींशी गैरवर्तन केल्याबद्दल अटक झालेला प्रशिक्षक 'डावीकडून दुसरा', असं खाली लिहिलेलं. फोटो उलटवला, ओळ तशीच राहिली. डावीकडून दुसरे झाले मुलींच्या संघाचे कपडे शिवणारे लेडीज टेलर. आणि खुलासा काय, तर 'छायाचित्रातील ओळखीत चूक झाली, दिलगीर आहोत.' कोणाची ओळख, कसली चूक, देव जाणे! वर्गात आम्ही सत्य आणि उत्तरदायित्व घोकून मार्क मिळवायचे आणि इथे एक माणूस आयुष्यातून उठला तरी कोणाला त्याचं सोयरसुतक नाही. डोकं नुसतं भणभणत होतं.

शेवटी कापड घेऊन मीच त्या टेलरकाकांच्या दुकानात गेले. दुकानात चिटपाखरू नव्हतं.

"काका, मी पेपरातून आलेय. चूक आमची होती."

"मग तसं छापा ना. माझा फोटो घालून, पहिल्या पानावर."

"सर नाही म्हणतात."

"मग तुम्ही कशाला आलात?"

मला माझाच राग आला. मी कापड पुढे केलं. "ड्रेस शिवायचाय."

त्यांनी कापड चिमटीत धरून पाहिलं. "आटेल हे. आधी भिजवायला हवं." सवयीने गळ्यातली टेप काढली आणि थबकले. मग आत हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये."

त्यांची बायको पदराला हात पुसत आली. त्यांनी टेप तिच्या हातात दिली, दुकानाचं दार रस्त्याकडे सताड उघडलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

बायकोने टेप माझ्या खांद्यावर कशीबशी टेकवली. "कुठून धरायची हो?"

"हाडापासून. ओढू नकोस," ते वळून न पाहता म्हणाले. "आणि आकडा मोठ्याने सांग."